आईचा हात: डोक्याला करंट आणि आरशाचा व्यायाम एकत्र, कोणी घेतलंय का?

मिरजेचा_मुलगा
नमस्कार मंडळी, आई ५८ वर्षांची, पाच महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकून डावं अंग गेलं. पाय बराच सुधारलाय, काठी घेऊन बाथरूमला एकटी जाते, पण हात तसाच. खांदा थोडा उचलते, बोटं मिटतात पण उघडत नाहीत, मूठ सोडवायला दुसऱ्या हाताने एकेक बोट सुटं करावं लागतं. आता एका सेंटरवाल्यांनी सांगितलंय की डोक्याला हलका करंट द्यायचा आणि लगेच आरशासमोर व्यायाम करायचा, दहा सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी. त्या पैशात घरी येणारा फिजिओ दोन-अडीच महिने पुरेल. बाबा म्हणतात शॉकबिक काही नको, काका म्हणतात लगेच घ्या उशीर करू नका. आरसा आम्ही घरी एकदा लावून बघितला तर आई म्हणाली हे काय खेळ लावलेत, आणि हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला अजिबात तयार नाही, सवाष्णीने हात मोकळा ठेवायचा नाही म्हणे. काय करावं?

ओटी_ताई
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, पेशंट न बघता सांगतेय हे लक्षात ठेवा.

बाबांना सांगा की सिनेमात दाखवतात तो शॉक हा नव्हे. याला टीडीसीएस म्हणतात. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधतात आणि १ ते २ मिलिअँपिअर करंट साधारण २० मिनिटं सोडतात, मुंग्या येतात, खाज सुटते, बस. स्पंज सुकला तर मात्र कातडी भाजू शकते. यामागची कल्पना अशी की मेंदूचे दोन्ही अर्धे एकमेकांना दाबून असतात, स्ट्रोकनंतर चांगला अर्धा आजारी अर्ध्याला जास्तच दाबतो, म्हणून आजारी बाजूला थोडं चेतवायचं नाहीतर चांगल्या बाजूला थोडं शांत करायचं. पण एवढ्याशा करंटने हात हलत नाही, पेशी फक्त कामाला थोड्या तयार होतात. तेल तापवलं आणि मोहरी टाकलीच नाही तर फोडणी कशी होणार? ती मोहरी म्हणजे व्यायाम, म्हणून आरसा जोडीला. कोरिया, तैवानमध्ये ही जोडी तपासलीय, पण अभ्यास छोटे आहेत.

आरशाची बाजू जास्त भक्कम आहे. चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं, म्हणजे आजारी हातच हलतोय असं मेंदूला वाटतं. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रामचंद्रन यांनी हात कापावा लागलेल्या लोकांना नसलेल्या हातात होणाऱ्या वेदनेसाठी तो वापरला, मग १९९९ मध्ये ९ स्ट्रोक पेशंटवर करून बघितला गेला, आणि २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (ही संस्था एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते) ६२ अभ्यास, १९८२ माणसं (साल नव्हे, आकडा!) धरून हाताच्या हालचालीत आणि रोजच्या कामात फायदा दिसला. चमत्कार नाही, पण फायदा.

सेंटरला जायच्या आधी हे सांगा: आईंना कधी फिट आलीय का? ऑपरेशन करून कवटीचं हाड काढलं होतं का, डोक्यात क्लिप किंवा जाळी आहे का? पेसमेकर? यातलं काही असेल तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय करंट नाही म्हणजे नाही.

आणि एक सांगा, जेवताना ताटातली डावी बाजू तशीच राहते का?

खवचट_खानदेशी
दहा सिटिंगचे पैसे आधी म्हटल्यावरच मी उठून आलो असतो 😄 डोक्याबाहेर चुंबकाची कॉइल धरून मेंदूवर परिणाम करायची जी टीएमएस पद्धत असते तिची अमेरिकेत मोठी चाचणी झाली, नाव निचे का निश काहीतरी, २०१८ ला छापली, १९९ पेशंट, सगळे स्ट्रोकनंतर ३ ते १२ महिन्यांतले म्हणजे तुमच्या आईसारखेच. अर्ध्याहून जास्त लोकांना खरी कॉइल, बाकीच्यांना नुसतं सोंग, आणि हाताचा व्यायाम मात्र सगळ्यांकडून घाम काढून करून घेतला. सहा महिन्यांनी खऱ्यावाले ६७ टक्के सुधारले आणि सोंगवाले ६५ टक्के. आता बोला. करंटवाली पद्धत वेगळी आहे मान्य, पण व्यायामाने काम केलं हे तर दिसतंय ना.

नाशिकची_सून
आमच्या सासूबाईंचं बांगड्यांचं सेम होतं!! शेवटी मामंजींचा फुल बाह्यांचा शर्ट त्यांना साडीवरून घातला, दोन्ही मनगटं झाकली, बांगड्या आतच राहिल्या. आरशात चांगल्या हातावर बांगडी दिसली आणि आजारी हात मोकळा असला की मनाला पटत नाही तो आपला हात आहे म्हणून. सुजलेल्या हातात बांगडी घालू नका मात्र. आम्ही कपाटाच्या दाराचा जुना आरसा कापून घेतला, कडा सेलोटेपने बंद केल्या, टेबलावर छातीसमोर मधोमध उभा धरायचा, आजारी हात मागे. सुरुवातीला बोटं उघडमीट, मग वाटीतले चिंचोके उचलणं. रोज १५-१५ मिनिटं दोनदा. पहिला आठवडा त्या हसायच्या नाहीतर झोपायच्या, तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या आतून ओढल्यासारखं वाटतंय. करंट आम्ही घेतला नाही. आता पदर धरता येतो, वाटी अजून नाही.

सर्किट_पुणे
९ व्होल्टची बॅटरी आणि दोन रेझिस्टरमध्ये हे घरी होईल की, डायग्राम टाकू का?

ओटी_ताई
@सर्किट_पुणे अजिबात नको. स्पंज बोटभर सरकला की करंट भलतीकडे जातो आणि कोणती बाजू चेतवायची कोणती शांत करायची हे स्ट्रोक केवढा आणि कुठे यावर ठरतं. स्ट्रोक झालेल्या मेंदूवर छंद करू नका.

मिरजेचा_मुलगा
ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता रात्री नीट बघितलं. भात, भाजी, आमटी संपली, लिंबाची फोड, चटणी आणि काकडीची कोशिंबीर जशीच्या तशी. पाच महिने आम्ही समजत होतो तिला आवडेनाशी झाली. ताट अर्धं फिरवलं तर सगळी कोशिंबीर खाल्ली की हो!

ओटी_ताई
हेच हवं होतं मला. डाव्या बाजूचं भानच कमी आहे, नजर चांगली असली तरी. तिला आरसा म्हणजे खेळ वाटतो त्याचं हेही एक कारण असेल, ती डावीकडे बघतच नसेल. आरशाच्या डाव्या कडेला लाल टिकली चिकटवा, आधी ती शोधायला लावा आणि मगच बोटं हलवायला सांगा. पॅकेजचं महिनाभर थांबवलंत तरी चालेल, फिजिओचं नको थांबवू.

मिरजेचा_मुलगा
टिकली आईच्याच पाकिटातली घेतलीय. बाबांचा शर्ट इस्त्रीला दिलाय 🙏