नॅसवरच्या फोल्डरांच्या परवानग्या कशा लावायच्या? सल्ला हवाय (सोलापूर)

टॉवेलवाला_एमआयडीसी:
अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात 22 कॉम्प्युटर, विंडोज डोमेन (सगळ्यांची खाती एकाच ठिकाणाहून चालतात), त्याला सिनॉलॉजीचा नॅस (सगळ्यांच्या फाइली ठेवायचा नेटवर्कवरचा डबा) जोडलाय. गेल्या आठवड्यात डिस्पॅचच्या पोराच्या हातून माऊस घसरला आणि जकार्डच्या डिझाइनचा अख्खा फोल्डर ओढला जाऊन 'जुनी चलने'त जाऊन बसला. सापडायला दोन दिवस गेले, तोवर माग बंद. कोणी काय बघायचं आणि कोणी काय हलवायचं, हे एकदाचं लावायचंय. नवीन खरेदी नको. कोणी येऊन लावून देणार असेल तर 10 हजारांपर्यंत देऊ.

चादर_घर:
सर्व्हर घ्या. आम्ही पावणेदोन लाखांचा घेतला, तीन वर्षांत एक तक्रार नाही.

नेटवर्क_अण्णा:
परवानगी माणसाला देऊ नका, गटाला द्या. 'डिझाइन-बदल', 'डिझाइन-वाचन' असे गट अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधल्या खात्यांची आणि गटांची यादी) करा. माणूस गेला की गटातून काढायचा, फोल्डरला हात लावायचा नाही. गटात घातल्यावर त्याला लॉग-ऑफ करून परत आत यायला सांगा, नाहीतर "अजून उघडेना" म्हणून फोन येत राहतात.

जुळे_सोलापूर_77:
'नकार'वर टिक करू नका! मी 'डोमेन युजर्स' या सगळ्यांच्या गटाला हिशेबाच्या फोल्डरवर नकार लावला. मालकांचं खातंही त्याच गटात. सोमवारी सकाळी मालकांनाच हिशेब उघडेना, सगळ्या स्टाफसमोर बोलणी खाल्ली. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीतच ठेवू नका, तेवढं पुरतं.

हिशेबनीस_ताई:
लिहायची परवानगी द्या, पुसायची काढून घ्या. सोपं आहे.

नेटवर्क_अण्णा:
ताई, मग एक्सेल रडतं. सेव्ह करताना ते आधी तात्पुरती फाइल बनवतं, जुनी काढतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. पुसायची परवानगी नसली की सेव्ह अडतं आणि फोल्डरात नको त्या फाइली साचतात.

हिशेबनीस_ताई:
तरीच आमच्याकडे असल्या फाइलींचा ढीग साचलाय! वर्षभर मी त्या हाताने काढतेय.

चादर_घर:
आमच्या सर्व्हरवर असलं काही होत नाही.

नेटवर्क_अण्णा:
विंडोज सर्व्हर घेतला तरी एक्सेल तेच करणार. उलट तिथे शेअरचं (नेटवर्कवर उघडून दिलेल्या जागेचं) एक आणि फोल्डरचं एक अशी दोन कुलपं, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतलं जास्त कडक असेल ते लागतं.

होटगी_रोड:
आमच्याकडे लाइट गेली की नॅसचं घड्याळ मागे पडायचं. डोमेनच्या घड्याळाशी 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस (डोमेनची ओळख तपासणारी यंत्रणा) ओळखच देत नाही. आम्ही आठवडाभर परवानग्याच उलट्यापालट्या करत बसलो होतो. नॅसला वेळ डोमेन कंट्रोलरकडूनच (डोमेन चालवणारा सर्व्हर) घ्यायला लावा.

जुळे_सोलापूर_77:
आणि गट करा, अण्णा म्हणतात तसं.

टॉवेलवाला_एमआयडीसी:
सगळ्यांचे मनापासून आभार. गट मात्र आत्ता करत नाही. डिझाइन बदलणारे दोघंच, दोघंही पंधरा वर्षांपासून आमच्याकडे. त्यांची नावं थेट घालतो, बाकी सगळ्यांना फक्त वाचन. नकार कुठेच लावत नाही. घड्याळ आत्ताच बघितलं, सात मिनिटं मागे होतं. रविवारी कारखाना बंद असताना आधी सगळ्याची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतो आणि मीच बसतो.

नेटवर्क_अण्णा:
तिसरा माणूस आला की गट करा. रविवारी अडलात तर इथेच लिहा, मी घरीच आहे.