जयपूर पुन्हा, पण यावेळी निवांत: मदत हवी आहे

डिसेंबरात आईला घेऊन परत जयपूरला जायचं ठरतंय. मागच्या वेळी टूरबरोबर गेलो होतो. हवामहलचा समोरच्या फुटपाथवरून फोटो काढला, की चला बसमध्ये! आता आमेर वगैरे धावपळ नको. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी आखून वसवलेलं तटबंदीतलं शहर पायी बघायचं आहे. राहायला आत बरं की बाहेर? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने कमी हवेत.

जंतरमंतरला, म्हणजे तिथल्या जुन्या वेधशाळेला, मात्र भरपूर वेळ द्यायचा आहे. तिथल्या सम्राट यंत्राची (भलंमोठं सूर्यघड्याळ) सावली सेकंदाला साधारण १ मिलिमीटर सरकते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसते. मला ती सरकताना बघायची आहे. डिसेंबरात ऊन कधी चांगलं मिळतं? यंत्रं नीट समजावणारा गाइड कसा शोधायचा? (पाठ केलेलं घडाघडा म्हणणारे नकोत.)

जयपूरजवळच्या बगरूला दाबूची छपाई बघायची इच्छा आहे. ठशाने कापडावर चिखल लावतात आणि मग रंगात बुडवतात, चिखल असतो तिथे रंग चढत नाही. कारागिरांकडे थेट गेलं तर चालतं का, की आधी कळवावं लागतं? खरेदीसाठी मागे लागणार नाहीत अशी जागा कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.