मदत हवी आहे: घाम चाटणारी ही माशी कोणत्या कुलातली?

नमस्कार. आमच्या परसात वांग्याचे दोन वाफे आहेत. गेले पंधरा दिवस सकाळी खुरपणी करताना जेमतेम ७-८ मिलिमीटर लांबीची एक काळसर माशी मनगटावर येऊन घाम चाटते आणि हाकलली तरी पुन्हा तिथेच बसते. परवा ती बाहीखाली चिरडली गेली तेव्हा डसली. पण ते डसणे सातेरीच्या (आपल्याकडच्या पाळीव मधमाशीच्या) मानाने अगदीच सौम्य होते. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या बिनडंखी माश्यांनाही घामाची ओढ असते, परंतु त्या डसत नाहीत, म्हणून ती शक्यता मी बाजूला ठेवली.

माझा अंदाज असा, की इंग्रजीत ज्यांना ‘स्वेट बी’ (घाममाशी) म्हणतात, त्या हॅलिक्टिडी कुलातली ही असावी. (मध साठवत नसल्या तरी मराठीत त्यांनाही मधमाशीच म्हणावे लागते, याला इलाज नाही.) मधमाश्यांची जगात सात कुले आणि २०,००० हून अधिक जाती आहेत, त्यांत एपिडीच्या (सातेरीच्या कुलाच्या) खालोखाल, सुमारे ४,५०० जातींचे हे कुल आहे. मात्र घाम चाटणे ही सवय झाली, कुलाची खूण नव्हे.

वाफ्याच्या बांधावर तुरीच्या दाण्याएवढी सात-आठ भोके असून प्रत्येकाभोवती चाळल्यासारख्या मऊ मातीचे कडे आहे. दुपारी वाकून पाहिले, तर एका भोकात बूच बसवावे तसे काळे डोके दिसते आणि काडी जवळ नेताच ते आत सरकते. जमिनीत बिळे अँड्रेनिडी कुलातल्या माश्याही करतात, त्यामुळे एवढ्यावरून निर्णय होत नाही. मोबाइलच्या छायाचित्रात पुढच्या पंखाच्या बुडाकडची एक शीर धनुष्यासारखी वाकलेली दिसते आणि मादीच्या पोटाच्या टोकाला उभी खाच असावी असे वाटते. हीच माशी वांग्याच्या फुलातले पिवळे पुंकेसर कवटाळून गुणगुणते. सातेरीला अशा थरथरीने पराग झाडता येत नाहीत.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे, की शिरेचा बाक आणि ही खाच एवढ्यावर हॅलिक्टिडीतले हॅलिक्टिनी उपकुल निश्चित मानता येईल का, की माशी मारून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावी लागेल? मारायची इच्छा नाही. शिवाय पुढच्या आठवड्यात बांध खणून तिथे फरशी घालायचे घरात ठरले आहे. बिळांतली पिल्ले बाहेर पडेपर्यंत तो किती दिवस तसाच ठेवावा?