‘ऑल्टर्ड बीस्ट’ विस्कळीत, पण कशामुळे?
अमेरिकन रॉक गायक मॅथ्यू स्वीटचा ‘ऑल्टर्ड बीस्ट’ (१९९३) हा अल्बम त्याच्याच आधीच्या ‘गर्लफ्रेंड’पुढे (१९९१) विस्कळीत वाटतो, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. चाली तितक्याच पक्क्या आहेत, बदललाय तो साउंड. ‘गर्लफ्रेंड’ कोरडा होता, रिव्हर्ब (आवाजातली घुमणारी गुंज) जवळपास नाहीच, जणू गायक कानाशी येऊन गातोय. ‘ऑल्टर्ड बीस्ट’चा निर्माता मात्र रिचर्ड डॅशट, फ्लीटवुड मॅक या रॉक बँडच्या अल्बमवाला. शिवाय ड्रमर एकच नाही (चक्क त्याच बँडचा ड्रमर मिक फ्लीटवुडही आहे!), त्यामुळे ठेक्याचा पोत सारखा बदलतो. ‘द अग्ली ट्रूथ’ हे गाणं दोनदा येतं: तिसरा ट्रॅक कंट्री (अमेरिकी ग्रामीण संगीत) वळणाचा, नववा ‘अग्ली ट्रूथ रॉक’, गिटार पार चढवलेलं. दोन्ही लागोपाठ लावून बघा. १५ ट्रॅक मात्र जरा जास्तच झाले. शेवटाकडे कान थकतात.