मदत हवी आहे : लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या कोरियातील कामगिरीची मूळ कागदपत्रे

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी कोरियन युद्धात गेलेल्या भारतीय लष्कराच्या ‘६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स’ या वैद्यकीय पथकाचे प्रमुख, महावीर चक्राचे मानकरी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्यावर मी एक भित्तिपत्रक तयार करत आहे. डिसेंबर १९५० मध्ये उत्तर कोरियातील प्योंगयांगमधून माघार घेताना वाहने अपुरी असूनही वैद्यकीय साहित्य मागे टाकायचे नाही, म्हणून या पथकाने एक वाफेचे इंजिन मिळवले, बादल्यांनी त्यात पाणी भरले आणि साहित्यासह गाडी दक्षिणेकडे आणली, हा प्रसंग मला त्यात सविस्तर मांडायचा आहे (मुलांना पदकापेक्षा हे इंजिनच अधिक भावेल, असा माझा अंदाज आहे). मार्च १९५१ मधील कोरियातील मुन्सान येथे पथकाने घेतलेल्या पॅराशूट उडीविषयी पुरेशी माहिती जमली आहे. इंजिनाचा प्रसंग मात्र ग्रंथालयात मिळालेल्या पुस्तकांत दोन ओळींत उरकलेला आहे आणि महाजालावरील वर्णने एकमेकांवरून उतरवलेली दिसतात. मजकूर इंग्रजी किंवा हिंदी असला तरी चालेल. पुण्यापर्यंत येणे शक्य आहे, दिल्ली वा लखनौला जाणे जमणार नाही. लष्कराशी संबंध नसलेल्या व्यक्तीला या पथकाची युद्ध-दैनंदिनी (युद्धकाळातील रोजच्या अधिकृत नोंदी) किंवा त्यातील कोणाच्या लिखित आठवणी पुण्यात पाहता येतील का, आणि त्यासाठी अर्ज नेमका कोणाकडे करावा लागतो?