एआयने कॅलेंडरवर टाकलेले वर्कआउट चुकीचे उमटतात: ४०० मीटरची ४०० मिनिटं, तारीख एक दिवस आधी

पहाटफेरी
इंटरव्हल्स.आयसीयू या ट्रेनिंगच्या वेबसाइटचं कॅलेंडर एमसीपी सर्व्हरमार्फत (एआयला बाहेरच्या सेवेशी जोडणारा दुवा) एआय सहायकाला जोडलं आहे. लक्ष्य १८ जानेवारी २०२६ ची टाटा मुंबई मॅरेथॉन, हाफ. १२ आठवड्यांचा प्लॅन सोमवार २७ ऑक्टोबरपासून. मंगळवारी ८ × ४०० मीटर, मध्ये २०० मीटर जॉग, असं मराठीतच सांगितलं. कॅलेंडरवर त्याचा कालावधी ८० तासांच्या वर दिसतो, आणि तोही सोमवारच्या रकान्यात. दुरुस्त करायला सांगितलं तर जुनं तसंच राहिलं आणि शेजारी दुसरं आलं. गुरुवारच्या टेम्पोला (जरा जोरातली, एकसारख्या वेगाची धाव) पायऱ्यांचा आलेख नाही, फक्त मजकूर. गार्मिनच्या घड्याळात यातलं काहीच पोचलेलं नाही. थ्रेशोल्ड पेस (साधारण तासभर टिकवता येईल असा वेग) किलोमीटरला ५:३० मिनिटं. कुठे काय बदलायचं?

घाटवाट
८० तासांचं गणित सरळ आहे. वर्कआउटच्या मजकुरात आकड्यापुढचा 'एम' म्हणजे मिनिट. ८ × (४०० + २००) म्हणजे ४८०० मिनिटं, बरोबर ८० तास. मीटरसाठी 'एमटीआर' लिहावं लागतं, किलोमीटरसाठी 'केएम'. सहायकाला हा नियम एकदा स्पष्ट सांगून ठेवा, कारण धावण्याच्या भाषेत ४००एम म्हणजे मीटरच, त्यामुळे तो परत परत तेच लिहिणार.

आलेख येत नाही त्याचं कारण पायऱ्यांची मांडणी. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर आणि ओळीची सुरुवात आडव्या रेघेने. '८एक्स' ही वेगळी ओळ, तिच्याखाली ४०० आणि २०० च्या दोन ओळी, आणि या गटाच्या वर-खाली एकेक रिकामी ओळ. ती रिकामी ओळ सोडायची राहून गेली तर कूलडाउनसुद्धा आठ वेळा मोजला जातो.

मराठीत बोलणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट: तुम्ही मराठीत सांगितलंत की सहायक पायऱ्याही '१० मिनिटं सावकाश' अशा लिहून मोकळा होतो. सूचना मराठीत द्या, टिपाही मराठीत राहू द्या, पण पायऱ्यांच्या ओळी रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच हव्यात. गुरुवारचं बहुधा हेच झालंय.

लॅपबटण
टक्केवारीकडेही बघून घ्या, तिथली चूक लवकर लक्षात येत नाही. नुसतं '९५%' लिहिलं तर ते पॉवरचं (वॉटमध्ये मोजलेल्या जोराचं) धरलं जातं. धावण्यासाठी पुढे 'पेस' हा शब्द पाहिजे, आणि सेटिंग्जमध्ये रनखाली थ्रेशोल्ड पेस भरलेली पाहिजे.

ही टक्केवारी वेगाची असते, किलोमीटरला लागणाऱ्या वेळेची नाही. तुमच्या ५:३० ला ९०% म्हणजे ६:०७. सहायक 'दहा टक्के हळू' म्हणून ११०% लिहून बसतो, आणि ते होतं ५:००. सोप्या दिवशी घड्याळ तुम्हाला रेसपेक्षा जोरात पळवेल! ४०० च्या रिपीटला १०८% दिलंत तर ५:०६ चा पेस, म्हणजे एक फेरी साधारण २ मिनिटं २ सेकंदांत. टेम्पोला ९५%, म्हणजे ५:४७. हे आकडे सहायकाकडून आधी किलोमीटरच्या वेळेत लिहून घ्या, पटले तरच कॅलेंडरवर टाकायला सांगा.

घाटवाट
तारखेचं राहिलं. कॅलेंडरला 'स्टार्ट डेट लोकल' म्हणजे तुमच्या इथली वेळ हवी असते. टूलने भारतातली मध्यरात्र यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलून पाठवली की ती आदल्या दिवशीचे १८:३० होते, साडेपाच तास मागे. म्हणून मंगळवार सोमवारी गेला. तारखेपुढे शून्य वाजताची वेळ द्यायची, शेवटी 'झेड' (यूटीसीची खूण) किंवा टाइमझोन लावायचा नाही. शिवाय वार आणि तारीख दोन्ही सांगा: 'मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५'. 'पुढच्या मंगळवारी' म्हटलं तर तो आजची तारीख काय धरेल याचा भरवसा नाही.

दुबार नोंदींसाठी क्रम बदला. 'दुरुस्त कर' म्हटल्यावर बरीच टूल्स नवीन नोंद करतात. आधी त्या आठवड्याच्या नोंदी वाचायला सांगा, प्रत्येकीचा आयडी घ्या, आणि त्या आयडीवर अपडेट मागा. टूलमध्ये अपडेटची सोयच नसेल तर आधी डिलीट, मग नवीन. बाराही आठवडे एकदम टाकू नका. एक दिवस टाका, ब्राउझरमध्ये उघडून आलेख बघा, मग एकेक आठवडा.

एपीआय की (टूलला तुमच्या खात्यात प्रवेश देणारी गुप्त किल्ली) चॅटमध्ये पेस्ट केली असेल तर ती आत्ताच बदला. तिची जागा एमसीपी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये. त्या कीने तुमचं कॅलेंडर पुसताही येतं.

ट्रॅकवरचा
घड्याळाबद्दल: गार्मिन जोडलेलं असणं पुरत नाही. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये प्लॅन केलेले वर्कआउट पाठवण्याची खूण वेगळी असते, ती करा. जवळचे दिवसच पुढे जातात, जानेवारीचं वर्कआउट आज घड्याळात शोधू नका. आणि पायऱ्या वाचल्या गेल्या नसतील तर पाठवायला काही नसतंच, म्हणून आधी आलेख, मग फोनवरून घड्याळ सिंक.

ऑक्टोबर हीटमध्ये रविवारच्या लाँग रनला पेस देऊ नका असं माझं ठाम मत आहे. 'झेड२ एचआर' (हृदयगतीचा दुसरा, सोपा झोन) द्या. 'एचआर' विसरलात तर झेड२ पुन्हा पॉवरचा होतो. पेडर रोडच्या चढासाठी चढाचे रिपीट टाकाल तेव्हाही पेस नको, वेळ आणि हृदयगतीच.

पहाटफेरी
मंगळवार जागेवर आला, ८ गुणिले ६०० मीटर असं ४.८ किलोमीटरचं मुख्य सत्र नीट दिसतंय. टाइमझोनचीच चूक होती. एकच उरलं: वॉर्मअप १५ मिनिटांचा आहे, पण तो संपतो तेव्हा ट्रॅकवर सुरुवातीच्या रेषेपाशी असेनच असं नाही. पहिला ४०० भलतीकडेच सुरू होईल.

लॅपबटण
वॉर्मअपच्या ओळीत 'प्रेस लॅप' हे शब्द घालायला सांगा. मग ती पायरी लॅपचं बटण दाबेपर्यंत चालू राहते. रेषेवर उभे राहा, बटण दाबा, पहिला ४०० तिथूनच मोजला जाईल. कूलडाउनला याची गरज नाही.