मुतखडा परत होऊ नये म्हणून थायझाइड की सायट्रेट?

खारपाणकर (दर्यापूर)
मोठ्या भावाचा खडा दुसऱ्यांदा दुर्बिणीने काढला. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघाला. एका डॉक्टरांनी हायड्रोक्लोरोथायझाइड ही थायझाइड गटातली, लघवी वाढवणारी गोळी लिहून दिली, दुसऱ्यांनी ती थांबवून लघवीची आम्लता कमी करणारं पोटॅशियम सायट्रेट चालू केलं. मी सायट्रेटच्या बाजूचा. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडचा नोस्टोन अभ्यास आला, ४१६ रुग्णांवर, जवळपास ३ वर्षं. १२.५, २५, ५० मिलिग्रॅम अशा तिन्ही मात्रा दिल्या, पण औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत खडे परत होण्यात ठोस फरक दिसला नाही. उलट पोटॅशियम घटणं, गाउट (यूरिक ॲसिडने सांधे सुजणं), नव्याने मधुमेह हे गोळी घेणाऱ्यांत जास्त. मग ही गोळी लिहायचीच काऊन?

मेडिकलवाला
एका अभ्यासावर एवढा मोठा निकाल नका लावू. त्यात गोळी दिवसातून एकदाच होती आणि तिचा असर काही तासांचा. जुन्या अभ्यासांत ती बऱ्याचदा दोनदा द्यायचे. शिवाय त्या रुग्णांचं मीठ काही कमी झालं नव्हतं. मीठ लघवीतलं कॅल्शियम वाढवतं, गोळी ते कमी करते. दोघांची ओढाताण झाली तर गोळी हरणारच. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या त्याच कामाच्या दुसऱ्या गोळ्यांचा असर लांब टिकतो, त्यांची परीक्षा या अभ्यासात झालीच नाही. ज्याच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि बीपीही आहे, त्याच्यासाठी मी आजही थायझाइडच म्हणेन.

पऱ्हाटीवाला
दादा, तुमी दुकानात पंख्याखाली बसता. मे महिन्यात ४५ डिग्रीत पऱ्हाट्या (कापसाची वाळली झाडं) उपटणाऱ्या माणसाले लघवीची गोळी द्यायची? घामातून मीठ-पाणी जाते, वरून गोळीनं सोडियम-पोटॅशियम जाते. चक्कर येऊन धुऱ्यावर पडला तर पाहाले कोण हाये? मुळात घामानं लघवी घट्ट होते म्हणून तर इकडे खडे होतात.

मेडिकलवाला
उन्हाचं मान्य. पण सायट्रेट म्हणजे काही लिंबूसरबत नाही. किडनी कमजोर असेल, किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) न पाहता महिनोन्‌महिने नेणारे रोज भेटतात.

कुळथीप्रेमी
आमच्याकडे कुळथीचं कढण आणि पानफुटीची पानं. काकांचा ४ मिमीचा खडा ८ दिवसांत पडला. कशाला हव्या गोळ्या?

खारपाणकर
४ मिमीचा खडा बहुतेकदा आपोआपच पडतो, कढण प्या नाहीतर नका पिऊ. इथे प्रश्न आहे नवा होऊ न देण्याचा.

मेडिकलवाले, आता तुमच्याच काउंटरची गोष्ट. नुसतं सायट्रेट मागितलं की पुष्कळदा डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचं सिरप हातात येतं. लघवीची आम्लता त्यानेही कमी होते, पण सोबत सोडियम जातं. आमच्या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी आधीच खारट. त्यात हे सिरप ओतून लघवीतलं कॅल्शियम वाढवून घ्यायचं का? चिठ्ठीत पोटॅशियम असेल तर पोटॅशियमवालंच द्यायला पाहिजे.

मेडिकलवाला
हे बरोबर आहे, वाद नाही. यूरिक ॲसिडचा खडा असता तर मीही आधी सायट्रेटच म्हटलं असतं. लघवीची आम्लता उतरली की तो विरघळूही शकतो. कॅल्शियमच्या खड्याचं तसं नाही. भावाची २४ तासांची लघवी तपासली का? कॅल्शियम किती, सायट्रेट किती?

खारपाणकर
नाही. दोघांपैकी कोणीच सांगितली नाही. दूध-दही मात्र दोघांनीही बंद केलं.

मेडिकलवाला
दूध-दही चालू करा. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं. ते बंद केल्यावर चुका-पालकातलं ऑक्झलेट मोकळं सुटून लघवीत उतरतं. इटलीत १२० पुरुषांवर ५ वर्षं पाहिलं होतं. कमी कॅल्शियम खाणाऱ्यांना खडे जास्त झाले. बंद करायचंच तर लोणचं-पापड करा.

पऱ्हाटीवाला
अन् तोवर गोळी कोणती?

मेडिकलवाला
क्रिएटिनिन-पोटॅशियम ठीक असेल तर सायट्रेट चालू राहू द्या, जेवणानंतर. तपासणीच्या दिवशी मुद्दाम घागरभर पाणी पाजू नका, रोजचंच खाणंपिणं ठेवा. कॅल्शियम जास्त निघालं तर थायझाइडवर पुन्हा भांडू, पण पावसाळा लागल्यावर.

खारपाणकर
तेव्हाही मी विरोधातच राहीन.